मावशीच्या कंपोझिंगसाठी छोटा डेस्कटॉप : प्रकल्प नोंदी

२ जून २०२५, सोमवार

सकाळी मावशीचा फोन. "अगं, चालू केला की नऊ मिनिटं नुसता गरगरतो. मी कुकर लावून येते, तरी त्याचं आपलं चालूच." नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तिचं कंपोझिंग सत्तावीस वर्षं चालू आहे. कवितासंग्रह, पीएचडीचे प्रबंध, मंडळांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका आणि श्रावण लागला की दोन दिवाळी अंक. अंकांची पानं सप्टेंबरात प्रेसला जावीच लागतात. आजवर तिची एकही तारीख चुकलेली नाही. यंदा मशीनपायी चुकू नये म्हणून ही वही उघडली.

संध्याकाळी जाऊन बघून आले. २०१७ साली घेतलेला मोठा कॅबिनेट, सातव्या पिढीचा आय३, ८ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. मायक्रोसॉफ्ट १४ ऑक्टोबरला विंडोज १० चे अपडेट थांबवणार आहे, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या आठवडाभर आधी. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, तेव्हा हे मशीन एका पिढीने हुकलं. वर्षभर जादा अपडेट घेण्याची सोय आहे, पण ते फक्त पुढं ढकलणं झालं.

मावशीची अट एकच: "टेबलावर जागा करून दे. प्रूफं पसरायला जागाच उरत नाही." टेबल चार फुटी. खाली कॅबिनेट ठेवायचा तर पाय ठेवायला जागा नाही आणि पावसाळ्यात फरशीला ओल येते. त्यामुळे छोटा डेस्कटॉप. तो तिच्या कामाला पुरेल का, हे ठरवायचं.

८ जून, रविवार

आठवडाभर टास्क मॅनेजर (मशीनचा कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारी विंडोजमधली खिडकी) उघडा ठेवून मावशीला आणि तिच्याकडे टायपिंगला येणाऱ्या ताईंना दिवसातून चार वेळा आकडे लिहून ठेवायला सांगितले होते. दोघींनी जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर ते नेमाने लिहिलेत. चिप कुठली, किती कोअरची (म्हणजे एका वेळी काम करणारे भाग किती), या वादात पडायच्या आधी हे करायला हवं असं माझं पक्कं मत आहे. आपण दिवसभर काय करतो हे आपल्याला वाटतं तसं नसतं.

आकडे सांगतात ते असं. प्रोसेसर बहुतेक वेळ १५-२० टक्क्यांवर निवांत. डिस्क मात्र सकाळभर शंभर टक्के. मेमरी ६.९ जीबीपर्यंत चढलेली, ती पण फक्त मुखपृष्ठाचं काम चालू असताना. म्हणजे मशीन "जुनं झालंय" या म्हणण्यात तथ्य थोडं; अडलंय ते फिरत्या डिस्कपाशी. नुसती एसएसडी (न फिरणारी, चिपांची वेगवान डिस्क) टाकली असती तरी नऊ मिनिटांचं मिनिटावर आलं असतं. विंडोजचा प्रश्न नसता तर मी तेवढंच करून थांबले असते, आणि कुणी विचारलं तर आधी तेच सुचवेन.

मुखपृष्ठाचा हिशेब कागदावर मांडला. डेमी आकाराच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, कणा आणि मलपृष्ठ एकत्र धरलं की साधारण ए४ कागदाएवढं होतं. ३०० डीपीआयला ए४ म्हणजे २४८० गुणिले ३५०८, सुमारे ८७ लाख पिक्सेल. छपाईचे चार रंग, प्रत्येकाला एक बाइट, म्हणजे एका थराला जवळपास ३५ एमबी. वीस थर झाले तर ७०० एमबी. त्यावर अनडूची साठवण, शेजारी ब्राउजर, पीडीएफ, टायपिंगचं सॉफ्टवेअर. ८ जीबीत हे दाटीवाटीनं बसतं, १६ मध्ये आरामात. ३२ ची गरज नाही.

आणखी एक मोजणी, जी दुकानात कुणी विचारत नाही: मागे किती वायरी लागतात. कीबोर्ड, माउस, प्रिंटर, स्कॅनर, जुन्या मराठी सॉफ्टवेअरचा डाँगल (यूएसबीत लावायची किल्ली, ती नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नाही), आणि गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह. सहा. सगळे जुन्या चौकोनी तोंडाचे यूएसबी.

१४ जून, शनिवार

यंदा पाऊस मे महिन्यातच आला आणि तेव्हापासून पेठेत वीज जाऊन-येऊन आहे. आज दुपारी मी असतानाच गेली. यूपीएस ६०० व्हीएचा, कोकलायला लागला, मावशीनं हातातलं पान सेव्ह केलं, बाकीच्या फाइली बंद केल्या. सात मिनिटांत सगळं विझलं. बॅटरी दीड वर्षाची आहे, तेव्हा ती अगदीच गेलेली नाही.

वीज आल्यावर प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर जोडला. नुसता कॅबिनेट, काही न करता, ४८ वॅट. मॉनिटर २२. मग माझ्या घरून आणलेला छोटा डबा लावला. इंटेलच्या एन१०० या कमी विजेच्या चिपचा, १६ जीबी रॅमचा, दोन वर्षांपूर्वी घेतलेला. घरी त्याच्यावर फोटोंचा बॅकअप चालतो. तो विसाव्यात ९ वॅट. तोच यूपीएस, तोच मॉनिटर, आणि वायर काढून घड्याळ लावलं तर पंधरा मिनिटं उलटली तरी चालू. सोळाव्या मिनिटाला मीच बंद केलं, बॅटरी पार उतरवायची नव्हती.

छोट्या डेस्कटॉपचं हे अंग आपल्याकडे फार मोलाचं आहे. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते म्हणून लोक लॅपटॉप घेतात आणि मग मान वाकवून दिवसभर प्रूफं बघतात. इथे कमी विजेचा डबा आणि साधा यूपीएस एवढ्यात तेच काम होतं आणि पडदा डोळ्यांच्या उंचीला राहतो.

पडद्यावरून आठवलं. मावशीचा मॉनिटर साडेअठरा इंची, फक्त व्हीजीए, म्हणजे जुन्या पद्धतीची जोडणी. माझ्या डब्याला नवी, एचडीएमआय. मध्ये कन्व्हर्टर लावला, आणि "किंमत" हा शब्द पडद्यावर बघितला. वेलांटी, तिच्यावर अनुस्वार, दोन्ही मिळून एक राखाडी ठिपका. मावशी म्हणाली, "मी अंदाजानंच वाचते गं, आता सवय झालीय." सत्तावीस वर्षं शुद्धलेखन सांभाळणाऱ्या बाईला अंदाजानं अनुस्वार वाचावा लागतोय, हे मला सहन झालं नाही. बजेटमध्ये पहिली ओळ लिहिली: २४ इंची फुल एचडी आयपीएस मॉनिटर. बाकीचं उरलेल्या पैशात.

१५ जून, रविवार

बाणेरच्या मैत्रिणीनं तिचा मॅक मिनी दोन दिवस दिला. एम४ चा, ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेला. १२.७ सेंटीमीटरचा चौकोन, ५ सेंटीमीटर उंची, पॉवर सप्लाय आतच. मावशीनं आधी त्याला पोळपाटाशेजारी ठेवून पाहिलं आणि "एवढाच?" म्हणाली.

पहिला मॅक मिनी जानेवारी २००५ मध्ये आला तेव्हाही खोक्यात पडदा, कीबोर्ड, माउस नव्हता. जे आहे ते जोडा, असा विचार. तो अजून तसाच आहे. सर्वांत स्वस्त मॉडेलला आता १६ जीबी मेमरी आणि २५६ जीबी साठवण, छापील किंमत ५९,९००.

मनापासून सांगते, यंत्र म्हणून मला आवडलं. मुखपृष्ठाची सर्वांत जड फाइल क्षणात उघडली. पंखा आहे की नाही कळत नाही; मावशीच्या खोलीत आता फक्त खालच्या रिक्षांचा आवाज. इन्स्क्रिप्ट ही मराठी टायपिंगची कळरचना सिस्टीममध्येच आहे, युनिकोडमधला (प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीतला) मजकूर स्वच्छ दिसतो, जोडाक्षरं नीट बसतात. मेमरी चिपबरोबरच बसवलेली असल्यामुळे नंतर वाढवता येत नाही, म्हणजे घ्यायच्या दिवशीच ठरवावं लागतं. पण आपला हिशेब १६ चा, तो इथे बसतो. साठवण कमी, पण ती बाहेरून जोडता येते. जुन्या तोंडाचं यूएसबी एकही नाही: पुढे दोन टाइप-सी, मागे तीन थंडरबोल्ट. एक हब लागेल. हे सगळं सोडवता येण्याजोगं.

अडलं ते डाँगलपाशी.

मावशीकडे वीस वर्षांची पुस्तकं जुन्या फाँटांत आहेत. त्या फाँटांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसवलेली असतात. ते सॉफ्टवेअर नसेल तर फाइल उघडते, पण पानभर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांचा चिवडा दिसतो. आणि सॉफ्टवेअर डाँगलशिवाय उघडत नाही. मॅकवर व्हर्च्युअल मशीन (मशीनच्या आत सॉफ्टवेअरनं उभं केलेलं दुसरं मशीन) करून त्यात विंडोज घातलं. मॅकची चिप एआरएम जातीची, म्हणून तिथे चालतं ते एआरएमसाठीचं विंडोज. नेहमीच्या इंटेल चिपसाठी लिहिलेली साधी सॉफ्टवेअरं ते भाषांतर करून चालवतं, पण ड्रायव्हरच्या, म्हणजे जोडलेलं उपकरण विंडोजला ओळखायला लावणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या, बाबतीत ते जमत नाही; ड्रायव्हर एआरएमसाठीच बनवलेला लागतो. डाँगल जोडला, त्याचा हिरवा दिवा लागला, आणि सॉफ्टवेअर म्हणालं डाँगल सापडत नाही. तीनदा काढून घातला. दिवा प्रत्येक वेळी लागला.

माझ्यासाठी घ्यायचा असता तर मी दुसरीकडे बघितलंच नसतं. माझं काम लिहिणं, फोटो, थोडं व्हिडिओ संपादन. पण जुनी पुस्तकं उघडली नाहीत तर मावशीचं निम्मं काम बंद पडेल. दुसरी आवृत्ती काढायला प्रकाशक तिच्याकडेच येतात.

२१ जून, शनिवार

दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामी. रस्ते बंद, गिऱ्हाईक नाही, म्हणून मावशीकडे निवांत बसायला मिळालं. सकाळी दोघी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला जाऊन तुकोबांच्या पालखीचं दर्शन घेऊन आलो. येताना तिची मान दुखत होती, तरी दुपारी बसली.

प्रश्न असा होता: सगळ्या जुन्या फाइली एकदाच्या युनिकोडमध्ये बदलून घेतल्या तर डाँगलची कटकट कायमची संपेल का? मग मॅकही चालेल. एक ३८४ पानांची कादंबरी घेतली आणि रूपांतर करून पाहिलं.

अडचण अशी की जुन्या फाँटांत अक्षरं दिसतात त्या क्रमानं साठवलेली असतात. "स्थिती" लिहिताना आधी पहिली वेलांटी, मग अर्धा स, मग थ. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम: स, थ, मग वेलांटी. रफाराचं उलटं, जुन्यात तो अक्षरानंतर ठोकलेला असतो, युनिकोडमध्ये र आधी यावा लागतो. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला हे सगळं उचलून इकडचं तिकडं करावं लागतं, आणि सलग दोन-तीन जोडाक्षरं आली की तो गडबडतो. सर्वांत वाईट हाल अर्ध्या र चे. "दुसऱ्या" चं "दुसर्या", "सुऱ्या" चं "सुर्या". पहिल्या वीस पानांत मावशीनं लाल पेनानं एकतीस खुणा केल्या. "याच्यापेक्षा नव्यानं टाइप करणं परवडलं," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

म्हणून ठरलं: यापुढचं काम युनिकोडमध्ये, जुनं जसं आहे तसं जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. म्हणजे इंटेल किंवा एएमडीची चिप आणि खरंखुरं विंडोज हवं. मॅक मिनी यादीतून गेला. वाईट वाटलं.

२८ जून, शनिवार

आता दोनच उरले. एक, माझ्याकडे आहे तसा एन१०० चा नवा डबा. दुसरा, कंपन्यांच्या ऑफिसांतून निघणारा साधारण एक लिटर आकारमानाचा छोटा डेस्कटॉप, आठव्या पिढीचा आय५-८५००टी.

एन१०० इंटेलनं २०२३ मध्ये आणला. चार कोअर, ठरलेली वीज अवघी ६ वॅट. मेमरी आणि चिप यांच्यात ये-जा करायला एकच वाहिनी, आणि माझ्या डब्यात रॅमचा स्लॉटही एकच. आय५-८५००टी २०१८ चा, सहा कोअर, ३५ वॅट, रॅमचे दोन स्लॉट. कागदावर दुसरा सरळ वरचढ दिसतो. तीच कादंबरी दोन्हीवर पीडीएफ करून पाहिली (आय५ चा डबा ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून मागून आणला होता). जुन्या मशीनवर अकरा मिनिटं. एन१०० वर चार मिनिटं दहा सेकंद. आय५ वर तीन मिनिटं पन्नास. पीडीएफ बनवणारं ते जुनं सॉफ्टवेअर एकाच कोअरवर काम करतं, बाकीचे पाच बसून राहतात. इथे वीस सेकंदांसाठी कुणी पैसे मोजू नयेत.

फरक दिसला तो गर्दीत. ताई स्कॅन केलेल्या हस्तलिखिताची पानं सरळ करत होत्या, मागे पीडीएफ चालू, मावशीनं मुखपृष्ठ उघडलं. एन१०० वर माउसचा बाण अडखळायला लागला, ब्रश ओढला की रेघ मागून यायची. आय५ वर तसं झालं नाही. मावशीच्या खोलीत ही गर्दी रोजची आहे, निदान सप्टेंबरपर्यंत तरी.

फक्त टायपिंग, मेल, बँकेचं काम, व्हिडिओ बघणं एवढंच असणाऱ्या घरात मी डोळे झाकून एन१०० सांगेन. नवं यंत्र, वॉरंटी, वीज नगण्य. इथे आय५.

५ जुलै, शनिवार

कोथरूडमधल्या एका दुकानातून वापरलेला डबा आणला, १६,५०० ला, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडीसह. दुकानात तपासायला विसरले ते घरी आल्यावर कळलं. एसएसडीचे चालू तास बघितले तर ३१ हजारांच्या वर. म्हणजे साडेतीन वर्षं अखंड चालल्याइतके. वायफायचं कार्ड आत होतं, पण अँटेनाच्या दोन तारा कार्डाला न जोडता तशाच मोकळ्या. पॉवरचा ॲडॉप्टर भलताच, कमी वॅटचा. संध्याकाळी परत गेले. दुकानदारानं कुरकुर न करता दुसरा डबा काढून दिला. तो मात्र तिथेच उघडायला लावला.

वापरलेला घेणाऱ्यांसाठी, मी उभ्या-उभ्या काय बघितलं ते: एसएसडीचे तास आणि आरोग्याची टक्केवारी, ॲडॉप्टरवरचे वॅट डब्याखाली लिहिलेल्या वॅटशी जुळतात का, बायॉसला (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला) आधीच्या कंपनीचा पासवर्ड राहिलाय का (राहिला असेल तर हात लावू नका), टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) चालू आहे का. आणि विंडोज आपलं आपण ॲक्टिव्हेट होतंय का. रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत आहे का हेही, कारण दोन पट्ट्या असल्या की मेमरीच्या दोन्ही वाहिन्या वापरल्या जातात. आत एम.२ ची एसएसडी आणि शिवाय अडीच इंची डिस्कसाठी रिकामी जागा आहे. तिथे बॅकअपसाठी दुसरी एसएसडी बसेल.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

साबुदाण्याची खिचडी खाऊन बसलो. विंडोज ११ नव्यानं टाकलं. सगळं सुरळीत, आणि डाँगल पुन्हा दिसेना. माझ्या पोटात गोळा आला. मॅक ज्यासाठी सोडला तेच इथे होऊन बसलं तर मावशीला काय सांगू?

दोन तास गेले. कारण निघालं ते विंडोज सिक्युरिटीत, कोअर आयसोलेशनखाली: मेमरी इंटिग्रिटी चालू होती. ती चालू असली की नियमांत न बसणारे जुने ड्रायव्हर विंडोज लोडच होऊ देत नाही. मावशीकडच्या सीडीवरचा ड्रायव्हर फारच जुना. ती सोय बंद करता येते, पण रोज परक्या माणसांचे पेन ड्राइव्ह लागणाऱ्या मशीनवर मला ती बंद करायची नव्हती. सॉफ्टवेअरच्या कंपनीचा नवा ड्रायव्हर उतरवून घेतला, आधीचा काढून टाकला, रीस्टार्ट. हिरवा दिवा लागला, आणि सॉफ्टवेअर उघडलं. मावशीनं २००४ सालचा एक कवितासंग्रह उघडला, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. मग चष्मा काढून म्हणाली, "हे पान मी लावलं तेव्हा तू शाळेत होतीस."

१३ जुलै, रविवार

जुन्या डिस्कवरून २१२ जीबी मजकूर हलवला. रात्रभर लागली. नवा २४ इंची मॉनिटर आला, डबा त्याच्या मागे स्टँडला बसवला. टेबल मोकळं. विसाव्यात डबा ११ वॅट, गर्दीत ४५ च्या आसपास. यूपीएसवर रोजच्या कामात बारा-तेरा मिनिटं मिळतात. चालू व्हायला बावीस सेकंद.

एकूण खर्च: डबा १६,५००, मॉनिटर ८,९००, बॅकअपची एसएसडी ३,२००. बेरीज २८,६००. कीबोर्ड तोच ठेवला, त्याच्यावरची अक्षरं पुसलीत पण मावशीला ती लागत नाहीत.

जुना कॅबिनेट इंटरनेटपासून तोडून माळ्यावर. डाँगलनं पुढेमागे दगा दिला तर तो आहे.

माझा एन१०० चा डबा तिथेच राहिला. साडेअठरा इंची मॉनिटरला जोडून खिडकीपाशी ताईंच्या स्टुलासमोर ठेवलाय. युनिकोडमध्ये फक्त टायपिंग करायचं तर तो भरपूर झाला. व्हीजीएची अडचण होतीच, म्हणून फाँट बावीस पॉइंटला करून दिला. त्यात अनुस्वार स्वच्छ दिसतो.

निघताना मावशी नव्या पडद्यासमोर बसली होती. दिवाळी अंकाची पहिली कथा आलीय. तिनं पान दोनशे टक्के मोठं केलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि ताईंना हाक मारली, "इकडे ये गं, हे बघ. इथे अनुस्वार राहिलाय."